माझ्याकडे नीट दिसतं, त्यांच्याकडे मोडतं: सीएसएसचा बिघाड शोधण्याचा माझा क्रम

लक्षणं

सीएसएस म्हणजे वेबपानाचे रंग, अंतरं आणि मांडणी ठरवणारे नियम. लोक काय बोलतात ते आधी लिहितो, कारण निम्मं निदान त्यांच्या शब्दांतच असतं.

‘साइट उघडी पडलीय.’ पांढरं पान, निळ्या अधोरेखित लिंका, सगळं डावीकडे एकाखाली एक.

‘सगळे चौकोन एकमेकांना चिकटलेत.’ रंग आहेत, अक्षरं आहेत, फक्त मधली अंतरं गेली.

‘खाली नोंदणीचं बटण आहे म्हणतोस, मला तर दिसत नाही.’ हे बहुतेक वेळा फोनवर.

‘दुकानातल्या काँप्युटरवर बटणंच नाहीत, घरी मोबाइलवर आहेत.’

‘वेलांट्या कापल्या गेल्यात.’ ‘शीर्षकाची रेघ तुटली.’ ‘हा ल आपला नाही.’

‘काल दिसत होतं, आज बिघडलं’, किंवा ‘फक्त आईच्या फोनवर बिघडतं’.

मी इंदुरात लहान कामांच्या साइट करतो. मंगल कार्यालयं, केटरर, सियागंजातले घाऊक दुकानदार, आणि दरवर्षी श्रावण सरत आला की गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची पानं. ही पानं नव्या महागड्या फोनवर जितकी उघडतात, तितकीच आजोबांच्या जुन्या फोनवर आणि दुकानाच्या गल्ल्यावरच्या जुन्या काँप्युटरवरही उघडतात. त्यामुळे वरची सगळी वाक्यं मी अनेकदा ऐकली आहेत. त्यातून तपासण्यांचा जो क्रम बसला तो खाली देतो. फुकट आणि सोप्या आधी, वेळखाऊ शेवटी. कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहितो, फाइलमध्ये ती इंग्रजीतच लिहायची.

ब्राउझर गप्प का बसतो

हे कळल्याशिवाय पुढचा क्रम पटणार नाही. हाकोन व्ह्यूम ली यांनी १९९४ च्या ऑक्टोबरात सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असताना सीएसएसचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये डब्ल्यू३सीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, पहिली आवृत्ती मानक म्हणून जाहीर केली. त्या मानकात सुरुवातीपासून एक नियम आहे: ब्राउझरला जी ओळ समजत नाही ती त्याने सोडून द्यावी आणि पुढची वाचावी. त्यामुळे १९९६ साली लिहिलेलं पान आजही उघडतं आणि आजचं पान जुन्या ब्राउझरवर निदान वाचता येतं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. पण त्याची किंमत आपण मोजतो, कारण सोडून दिलेल्या ओळीबद्दल बघणाऱ्याला काहीच सांगितलं जात नाही. म्हणून मी दर वेळी एकच प्रश्न घेऊन बसतो: काय गळलं, आणि कुठे गळलं?

पहिली तपासणी: चार प्रश्न आणि एक फोटो

खर्च शून्य. तक्रार करणाऱ्याकडून पडद्याचा फोटो मागवा आणि विचारा: फोन कोणता, ब्राउझर कोणता आणि त्याची आवृत्ती काय, लिंक कुठून उघडली, आणि अक्षरं मोठी किंवा पडदा काळा करून ठेवलाय का?

शेवटचे दोन प्रश्न लोक विसरतात. ‘फक्त आईच्या फोनवर बिघडतं’ या तक्रारीचं उत्तर बहुधा तिथेच सापडतं. वयस्कर माणसं फोनची अक्षरं मोठी करून ठेवतात, आणि आपण एखाद्या पट्टीची उंची ४० पिक्सेल अशी बांधून ठेवलेली असते. मजकूर वाढतो, पट्टी वाढत नाही, दुसरी ओळ खालच्या चित्रावर येते. इथे आईच्या फोनला हात लावायचा नाही. पट्टीची बांधलेली उंची काढा, ‘मिन-हाइट’, म्हणजे किमान उंची, द्या. ज्या माणसासाठी पान केलं त्याला ते वाचता येत नसेल तर चूक पानाची आहे, याबाबत मी तडजोड करत नाही.

काळ्या पडद्याचंही तसंच. काही ब्राउझर, उदाहरणार्थ सॅमसंग इंटरनेट, डार्क मोडमध्ये पानाचे रंग स्वतःच उलटतात. गडद निळा लोगो पारदर्शक पार्श्वभूमीवर असेल तर तो काळ्यात बुडतो. लोगोला पांढरी पार्श्वभूमी दिली की काम झालं.

लिंक कुठून उघडली हे विचारण्याचं कारण वेगळं. एखाद्या ॲपच्या आतच पान उघडलं तर तिथे फोनवरचं क्रोम नसतं, ॲपच्या पोटातला ब्राउझर असतो. अँड्रॉइडवर तो बऱ्याचदा ‘सिस्टिम वेबव्ह्यू’ असतो आणि प्ले स्टोअरवरून तो कैक महिने अद्ययावत केलेला नसू शकतो. तीच लिंक क्रोममध्ये उघडायला सांगा. तिथे बरी दिसली तर तुमचा निम्मा दिवस वाचला.

दुसरी तपासणी: जुनी फाइल तर दाखवत नाही ना

गुप्त खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, पान उघडा. तिथे साठवलेली जुनी फाइल नसते आणि एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथे बरं दिसलं तर कोडमध्ये काही शोधू नका.

ब्राउझर सीएसएसची फाइल साठवून ठेवतो. तुम्ही काल पानाची रचना बदललीत, नवीन एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि सांगाडा) पोचलं, पण सीएसएस मात्र मागच्या आठवड्याचं राहिलं, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. काँप्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबलं की ताजी फाइल येते. पण गावभरच्या लोकांना हे सांगत बसता येत नाही. म्हणून पानात जिथे सीएसएस फाइलचा पत्ता लिहिता तिथे नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून आवृत्तीचा आकडा लिहा आणि प्रत्येक बदलाला तो वाढवा. पत्ता बदलला की ब्राउझर नवीन फाइल आणतो. ‘काल दिसत होतं’ हे दुखणं माझ्याकडे या एका सवयीने जवळजवळ बंद झालं.

तिसरी: फाइल पोचली का

‘साइट उघडी पडलीय’ या लक्षणासाठी थेट इथे या. काँप्युटरवर एफ१२ दाबा, नेटवर्कचा कप्पा उघडा, पान पुन्हा लोड करा आणि सीएसएस फाइलची ओळ बघा. तिथे ४०४ दिसलं तर फाइल त्या पत्त्यावर नाही. सगळ्यात नेहमीचं कारण लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचं. विंडोजच्या लॅपटॉपवर फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं असो की लहान, ती सापडते. होस्टिंगचा सर्व्हर सहसा लिनक्सचा असतो आणि त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. म्हणून घरी चालतं आणि वर चढवलं की मोडतं. नावं कायम लहान अक्षरांत ठेवा, मधे रिकामी जागा नको.

फाइल पोचूनही लागू होत नसेल तर सर्व्हर तिचा प्रकार काय सांगतो ते तिथेच बघा. ‘टेक्स्ट/सीएसएस’ ऐवजी साधा मजकूर असं सांगत असेल तर ब्राउझर ती सीएसएस म्हणून घेत नाही. आणि पान एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित पत्त्यावर, असून सीएसएसचा पत्ता नुसत्या एचटीटीपीने सुरू होत असेल, तर सुरक्षेसाठी ब्राउझर फाइल अडवतो. साइटला नवीन प्रमाणपत्र बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी येणाऱ्या तक्रारी याच असतात.

चौथी: एक कंस

डब्ल्यू३सीचा सीएसएस व्हॅलिडेटर फुकट आहे. फाइल त्यात टाका. तो काही अगदी नव्या गुणधर्मांनाही चूक म्हणतो, तिकडे लक्ष देऊ नका. तुम्हाला फक्त तीन गोष्टी शोधायच्या आहेत: न मिटलेला महिरपी कंस, न मिटलेली टिप्पणी (ब्राउझरने वाचू नये अशी नोंद), आणि वर्ड किंवा व्हॉट्सॲपमधून चिकटवताना आलेली वाकडी अवतरणचिन्हं. फाँटच्या नावाभोवती वाकडी अवतरणं असली की ब्राउझर त्यांना नावाचाच भाग समजतो आणि तो फाँट सापडत नाही.

कंसाबद्दल एक गोष्ट हल्लीच बदलली आहे. २०२३ मध्ये तिन्ही मोठ्या ब्राउझरांत नेस्टिंग आलं, म्हणजे नियमाच्या पोटात नियम लिहिता येऊ लागले. त्यामुळे एक कंस विसरलात तर नवा ब्राउझर पुढचे सगळे नियम त्या पहिल्याच्या पोटातले समजतो, आणि जुना ब्राउझर ते न समजलेले म्हणून गिळतो. चूक एकच, पण दोन ठिकाणी दोन प्रकारची मोडतोड. बघणाऱ्याला वाटतं, हा ब्राउझरांमधला फरक आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी तो असा. कंस तपासल्याशिवाय ब्राउझरला दोष देऊ नये.

पाचवी: पानाच्या पहिल्या चार ओळी

पानाचा स्रोत उघडा. अगदी पहिली ओळ डॉकटाइपची, म्हणजे पान कोणत्या प्रकारचं ते सांगणारी, हवी. तिच्या आधी एखादं अक्षर, पीएचपीने (सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या भाषेने) छापलेली एखादी इशाऱ्याची ओळ आली, तरी ब्राउझर ‘क्वर्क्स मोड’मध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीत, जातो.

यामागे इतिहास आहे. नव्वदच्या दशकात नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांनी सीएसएस आपापल्या परीने लावलं. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ तर डब्याच्या रुंदीतच पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा) आणि कड मोजायचा, मानक ती बाहेर मोजायला सांगत होतं. लाखो पानं त्या चुकीच्या मोजणीवर बसवलेली होती, ब्राउझर सुधारला की ती मोडली असती. मार्च २००० मध्ये मॅकसाठी आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने तोडगा काढला: पानावर नीट डॉकटाइप असेल तर मानकाप्रमाणे वागायचं, नसेल तर जुन्या पद्धतीने. तो तोडगा बाकीच्यांनी उचलला आणि जुन्या पद्धतीचे काही अवशेष आजच्या ब्राउझरांतही जपलेले आहेत. त्यातला रोज भेटणारा म्हणजे, क्वर्क्स मोडमध्ये टेबल बाहेरच्या मजकुराचा आकार आणि रंग घेत नाही. केटररच्या दरपत्रकाचं टेबल तेवढं वेगळ्या आकारात दिसतंय? पहिली ओळ बघा.

उरलेल्या तीन ओळी: अक्षरसंच यूटीएफ-८, व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (तो नसेल तर फोन पान काँप्युटरच्या रुंदीने मांडून लहान करून दाखवतो), आणि भाषेचा ‘लँग’ गुणधर्म. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर.

आता ब्राउझरकडे वळा

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथवर मिटलेल्या असतात. उरतात त्या खऱ्या असमान पाठबळाच्या.

नावं खूप असली तरी पान वाचून मांडणारी आतली इंजिनं मुख्यतः तीनच. क्रोम, एज, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट, ब्रेव्ह हे सगळे ब्लिंकवर. फायरफॉक्स गेकोवर. सफारी वेबकिटवर. आपल्याकडच्या आयफोनवर कोणताही ब्राउझर घातला तरी आतून वेबकिटच असतं, म्हणून ‘मी आयफोनवर क्रोममध्येही बघितलं’ याने काही सिद्ध होत नाही. आणि आयफोनवर वेबकिटची आवृत्ती आयओएसबरोबरच बदलते. आयफोन ७ आयओएस १५ वर थांबला, आयफोन ६ तर १२ वर.

दुसऱ्या बाजूलाही छत आहे. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ नंतर पुढे गेलं नाही. अँड्रॉइड ७ वर ते ११९ ला थांबलं. हे आकडे माझ्या टेबलासमोर चिकटवलेले आहेत, कारण ‘ब्राउझर अपडेट करा’ हा सल्ला अशा यंत्रांवर निरुपयोगी असतो. त्या माणसाने अपडेट करूनच ठेवलेलं असतं.

आवृत्ती कळली की संशयित गुणधर्म ‘कॅन आय यूज’ किंवा एमडीएन या साइटवर शोधा, कोणत्या ब्राउझरला तो कधीपासून येतो ते तिथे असतं. दोन मिनिटांत कळतं. मला वारंवार सापडणारे चार दोषी मात्र इथेच सांगतो.

चिकटलेले चौकोन. फ्लेक्सबॉक्स ही डबे रांगेत मांडण्याची पद्धत, ग्रिड ही उभ्या-आडव्या रांगांच्या जाळीत मांडण्याची, आणि ‘गॅप’ म्हणजे डब्यांमधलं अंतर. फ्लेक्सबॉक्समधला ‘गॅप’ फायरफॉक्समध्ये २०१८ ला आला, क्रोममध्ये ८४ पासून २०२० ला, सफारीत १४.१ पासून २०२१ ला. त्याआधीच्या फोनवर अंतर शून्य. आता यातली मेख. ‘ॲट-सपोर्ट्स’ लिहून ब्राउझरलाच विचारता येतं की हा गुणधर्म तुला येतो का. पण ‘गॅप’ बद्दल विचारलंत तर जुनं क्रोमही ‘येतो’ म्हणतं, कारण ग्रिडमधला गॅप त्याला खरोखर येत असतो. प्रश्न फ्लेक्सचा असतो, उत्तर ग्रिडचं मिळतं. म्हणून इथे विचारण्याच्या भानगडीत पडू नका. मांडणी ग्रिडने होत असेल तर ग्रिड वापरा. फ्लेक्सच हवं असेल तर आतल्या प्रत्येक डब्याला चारही बाजूंनी अर्ध्या अंतराचं मार्जिन द्या, बाहेरच्या डब्याला तेवढंच उणे मार्जिन द्या, आणि ‘गॅप’ काढून टाका. दिसायला जुनाट आहे, पण सगळीकडे चालतं.

गायब झालेली बटणं. हे मला सगळ्यात जास्त वेळ खाणारं निघालं, म्हणून थोडं थांबून सांगतो. राजवाड्याजवळच्या एका कापडदुकानाची साइट होती. दुकानातला बिलिंगचा काँप्युटर विंडोज ७ चा. काकांचा फोन आला, ‘अरे, सगळं आलंय, पण बटणं कुठे ठेवलीस?’ बटणं जागेवरच होती. त्यांची गडद पार्श्वभूमी गेली होती आणि पांढऱ्यावर पांढरी अक्षरं उरली होती. रंग ‘ओकेएलसीएच’ नावाच्या नव्या पद्धतीने लिहिलेले होते आणि ती पद्धत क्रोमला १११ पासून येते. दुकानात १०९.

आता कोणी म्हणेल, आधी साधा हेक्स रंग (# लावून लिहितात तो) लिहा, त्याखाली नवा लिहा, जुना ब्राउझर खालची ओळ गाळेल आणि वरची धरेल. बरोबर आहे, गळण्याच्या नियमाचा हाच सर्वांत चांगला उपयोग. मीही तेच केलं होतं. तरी बटण पारदर्शकच राहिलं. कारण नवा रंग थेट लिहिलेला नव्हता, सीएसएस व्हेरिएबलमध्ये ठेवलेला होता, म्हणजे रंगाला एक नाव देऊन ते नाव ‘व्हार’ने वापरलेलं होतं. ब्राउझर ओळ वाचतो तेव्हा त्याला ‘व्हार’ दिसतं. व्हार त्याला कळतं, म्हणून तो ओळ स्वीकारतो आणि वरची हेक्सची ओळ रद्द करतो. व्हेरिएबलच्या आत काय आहे ते तो नंतर उघडतो. तेव्हा आतला रंग समजत नाही, पण परत फिरायला वरची ओळ उरलेली नसते. मग पार्श्वभूमी मूळ स्थितीला जाते, म्हणजे पारदर्शक होते.

उपाय असा: व्हेरिएबलमध्ये साधा हेक्स रंगच ठेवा. नंतर ‘ॲट-सपोर्ट्स’मध्ये ओकेएलसीएच रंगाबद्दल विचारून, होकार आला तरच त्याच व्हेरिएबलला नवा रंग द्या. इथे ॲट-सपोर्ट्सचं उत्तर खरं येतं. त्या दिवशी संध्याकाळी काकांनी दुकानातूनच बटण दाबून ऑर्डर टाकून बघितली.

तयार चौकट (फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांनी हे आधीच तपासावं. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या टेलविंड ४ ची स्वतःची जाहीर अट सफारी १६.४, क्रोम १११ आणि फायरफॉक्स १२८ अशी आहे. तुमचं गिऱ्हाईक विंडोज ७ वर असेल तर ३.४ वर राहणं शहाणपणाचं.

पडद्याबाहेर गेलेलं बटण. ‘१०० व्हीएच’ म्हणजे पडद्याची पूर्ण उंची, पण फोनवर पत्त्याची पट्टी आत-बाहेर होते आणि ही उंची पट्टी लपलेली धरून मोजली जाते. मग तळाचं बटण पट्टीइतकं खाली ढकललं जातं. आधी ‘१०० व्हीएच’ची ओळ लिहा, खाली ‘१०० डीव्हीएच’ची, म्हणजे त्या क्षणी खरोखर दिसणाऱ्या उंचीची. सफारीला १५.४ पासून आणि क्रोमला १०८ पासून ती कळते, दोन्ही २०२२ च्या. त्याहून जुन्या फोनवर बटण तसंच लपेल, तेव्हा महत्त्वाचं बटण तळाशी टांगूच नका.

नव्या निवडकाने बुडवलेले जुने नियम. निवडक म्हणजे नियम पानाच्या कोणत्या भागाला लावायचा ते सांगणारा शब्द. स्वल्पविराम देऊन तीन निवडक एका नियमात लिहिले आणि त्यातला एक, समजा ‘हॅज’, ब्राउझरला कळला नाही, तर तिन्ही जातात. हॅज सफारी आणि क्रोममध्ये २०२२ ला आला, फायरफॉक्समध्ये २०२३ च्या डिसेंबरात. नवा निवडक कायम स्वतंत्र नियमात लिहा.

काचेसारखी धूसर पार्श्वभूमी सफारीच्या १८ आधीच्या आवृत्त्यांना वेबकिटचा उपसर्ग लावल्याशिवाय कळत नाही, तेवढी एक ओळ जोडा. कोपरे गोल आले नाहीत, सावली हलकी पडली, असल्या फरकांच्या मागे मी लागत नाही. मजकूर वाचता आला, बटण दाबता आलं, फॉर्म भरता आला, तर पान बरोबर आहे.

मराठी अक्षरांची दुखणी

इंग्रजीसाठी केलेले साचे आपण उचलतो आणि त्यात देवनागरी भरतो. बिघाड इथे ब्राउझरचा कमी आणि साच्याचा जास्त असतो.

कापलेल्या वेलांट्या: साच्यात ओळीची उंची १.१ किंवा १.२ असते. इंग्रजीला पुरते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतो. शीर्षकाला ‘ओव्हरफ्लो हिडन’ असेल तर हे सगळं छाटलं जातं. मी परिच्छेदाला १.७ आणि शीर्षकाला १.४ पासून सुरुवात करतो.

तुटलेली शिरोरेषा: शीर्षकाला दिलेलं ‘लेटर-स्पेसिंग’. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, देवनागरीत रेघ तुटून शब्दाची अक्षरं सुटी होतात. ‘लँग’ निवडक वापरून मराठीसाठी ते शून्य करा. हा निवडक सीएसएस २ पासून, म्हणजे १९९८ पासून आहे, बिनधास्त वापरा.

‘हा ल आपला नाही’: इंदुरात हे हमखास होतं, कारण इथली पानं हिंदी आणि मराठी दोन्हीची असतात. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा. ज्या फाँटांत दोन्ही रूपं दिलेली असतात, ते भाषा बघून रूप निवडतात. अख्ख्या पानाला हिंदीचा ‘लँग’ लावलेला असेल तर मराठी परिच्छेदातही हिंदी वळण येतं. मराठी परिच्छेदाला मराठीचा ‘लँग’ लावा. तरी बदललं नाही तर फाँटात ती सोय नाही, फाँट बदला. आपल्या माणसांच्या निमंत्रणात आपलं अक्षर यावं यासाठी ही एका शब्दाची मेहनत मी कधी टाळत नाही.

एका यंत्रावर मेन्यू एका ओळीत, दुसऱ्यावर दोन ओळींत: तुम्ही फाँट दिलेला नाही, किंवा पोचला नाही. मग विंडोज निर्मला, ॲपल कोहिनूर, अँड्रॉइड नोटो वापरतो आणि प्रत्येकाची रुंदी वेगळी. मुक्तासारखा खुला फाँट साइटवर ठेवा, आणि ठळक अक्षरांची फाइलही ठेवा. ती नसली तर ब्राउझर साधी अक्षरंच जाड करतो आणि जोडाक्षरांच्या पोटातली जागा बुजते.

परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायचा मोह देवनागरीत आवरा. ‘श्री’ किंवा ‘ज्ञा’ला एक अक्षर मानायचं की कुठे तोडायचं, यावर ब्राउझर वेगवेगळं वागत आले आहेत. भारतीय जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम युनिकोडमध्येच २०२३ साली, १५.१ आवृत्तीत आला.

आणि पान उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसत असेल, तर तो मजकूर डीटीपीवाल्याकडून कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फाँटात आलाय. सीएसएस त्यावर काही करू शकत नाही. युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर रफार नि पोटफोड्या ष नीट वाचा, तिथे चुका राहतात.

तरीही सापडलं नाही तर

आता वेळ लागेल. फाइलची प्रत काढा. सीएसएसचा खालचा अर्धा भाग टिप्पणीत टाका. बिघाड राहिला तर तो वरच्या अर्ध्यात आहे, गेला तर खालच्यात. पुन्हा अर्धं करा. हजार ओळींची फाइल दहाएक फेऱ्यांत एका ओळीवर येते. अंदाजाने इकडेतिकडे बदल करण्यापेक्षा हे नेहमी लवकर होतं.

अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून काँप्युटरच्या क्रोममधून फोनवरचं पान तपासता येतं. न समजलेल्या ओळी तिथे खोडलेल्या आणि इशाऱ्याच्या खुणेसह दिसतात, म्हणजे काय गळलं ते समोरच येतं. आयफोनसाठी हेच करायला मॅक लागतो. मी जेल रोडवरून दोन जुने फोन घेऊन ठेवलेत. भाड्याने यंत्रं दाखवणाऱ्या सेवाही आहेत, पण वारंवार हेच काम असेल तर स्वतःचा जुना फोन स्वस्त पडतो.

कुठे थांबायचं

पैसे भरण्याच्या पानावर बिघाड असेल तर पहिल्या दोन तपासण्यांनंतर थांबा आणि ज्याने ते पान जोडलं त्याला बोलवा. तिथे चुकून काही हललं तर लोकांचे पैसे अडकतात.

सर्व्हरची मांडणी, प्रमाणपत्र किंवा फाइलचा प्रकार बदलावा लागत असेल आणि ते तुम्ही आधी केलेलं नसेल, तर होस्टिंगवाल्यांना सांगा. चौकटीची अख्खी आवृत्ती मागे न्यायची असेल तरी जाणकार लागतो, कारण एक धागा ओढला की दहा सुटतात. फक्त आयफोनवर बिघडतंय आणि तुमच्याकडे ना मॅक ना तो फोन, तर अंधारात बाण मारू नका. पानावर तुम्ही न लिहिलेल्या लिंका किंवा जाहिराती दिसल्या तर हे सीएसएसचं प्रकरणच नाही, साइटमध्ये कोणी शिरलंय. पासवर्ड बदला आणि त्याच दिवशी जाणकाराला गाठा. बाकी कशातही दोन संध्याकाळी गेल्या आणि एकही ओळ पकडीत आली नाही, की मी स्वतःही दुसऱ्याला दाखवतो.

बोलावताना त्यांच्या हातात हे द्या: पडद्याचा फोटो, फोनचं नाव, ब्राउझरची आवृत्ती, बिघाड पहिल्यांदा दिसल्याची तारीख, त्याआधी शेवटचा बदल कोणता केला, आणि वरच्यापैकी कोणत्या तपासण्या करून झाल्या. सोबत सीएसएसची मूळ, हात न लावलेली प्रत.